आई, मु. पो. अज्ञात

२०२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एक अभ्यास पुस्तकरूपाने बाहेर आला. त्याच्या जर्मन नावाचा मराठी अर्थ ‘आई अज्ञात’. झुरिक आणि थुरगाऊ या दोन कॅन्टनांच्या सरकारांनी तो करवून घेतला होता. १९७३ ते २००२ या काळात भारतातून २२७८ मुलं स्वित्झर्लंडमध्ये दत्तक गेली. त्यांतल्या या दोन कॅन्टनांमधल्या २४ मुलांच्या फायली अभ्यासकांनी पानन् पान वाचल्या. जन्मदात्या आईबापांनी मूल द्यायला संमती दिल्याचा कागद एकाही फायलीत मिळाला नाही.

यांतली बरीच मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यातले काहीजण पुण्या-मुंबईला येतात, कुठल्या तरी आश्रमाच्या दारात उभे राहतात आणि दुभाष्यामार्फत एकच प्रश्न विचारतात. त्यांना मराठी येत नाही. आरशातला चेहरा सोलापूरचा की साताऱ्याचा, हे मात्र त्यांना जाणून घ्यायचं असतं. दत्तक आईबापांवर त्यांचा राग असतोच असं नाही. पुष्कळदा तेच सोबत आलेले असतात.

या शोधाला सरकारी भाषेत ‘रूट सर्च’ म्हणतात. तो कुठवर आला आहे, कायदा काय देतो, कागद कुठे दगा देतात आणि जिला शोधायचं त्या बाईचं काय, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाचा हक्क मोठा की आईची गोपनीयता, या वादात आपण फार वेळ घालवला. गाडं अडतं ते दुसरीकडेच. या दोघांच्या मधे उभं राहील असं जबाबदार माणूस आपण नेमलेलंच नाही.

मुळात ही मुलं परदेशी गेली कशी? १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी. परदेशी ख्रिस्ती जोडप्याला इथे दत्तक घेता येत नव्हतं. मग वकिलांनी १८९० चा इंग्रजी अमदानीतला गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट काढला. कोर्टाने परदेशी जोडप्याला मुलाचं पालक नेमायचं, मूल देशाबाहेर न्यायची परवानगी द्यायची, आणि पुढचं दत्तकविधान त्यांनी आपल्या देशात उरकायचं. सत्तरच्या दशकात हा रस्ता वाहता झाला. स्वीडन, नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, पुढे इटली, स्पेन आणि अमेरिका. तिकडे दत्तक द्यायला मुलं कमी, इकडे आश्रमांत पाळणे कमी. कितीतरी दत्तक आईबापांनी आपलं मूल पहिल्यांदा पाहिलं ते विमानतळावर, सोबत आलेल्या बाईच्या हातात.

यातली एक मुलगी सगळ्यांच्या ओळखीची आहे. १३ ऑगस्ट १९७९ ला पुण्यात जन्मलेली, ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ या अनाथालयात ठेवलेली लैला. स्थळेकर दांपत्याने तिला दत्तक घेतलं आणि ती लिसा स्थळेकर झाली, ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. २०१२ मध्ये ती श्रीवत्सला येऊन गेली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत विश्वचषक उचलून निवृत्त झाली. वर्तमानपत्रांना अशी गोष्ट आवडते. पण लिसाचे दत्तक वडील मूळचे मुंबईचे, त्यामुळे तिला आडनाव तरी मराठी मिळालं. बाकीच्यांच्या नावात इथलं काही उरलं असेल तर मधलं नाव, तेही बहुधा एखाद्या नर्सने किंवा आयाबाईने ठेवलेलं.

आता गुप्ततेचं. परदेशातून आलेला माणूस संस्थेच्या कार्यालयात बसतो. समोरच्या कपाटात आपली फाइल आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि ती दाखवत नाहीत म्हटल्यावर त्याला वाटतं, यांना काही लपवायचंय. कधी कधी खरंच लपवायचं असतं, त्याकडे पुढे येते. पण महाराष्ट्रात ही गुप्तता मुळात दयेपोटी जन्मली, हे त्याला कोणी सांगत नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुल्यांनी स्वतः दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत. १८७५ मध्ये पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने बालकाश्रम सुरू झाला आणि पुढे प्रार्थना समाजाने तो चालवला. पंढरपूरच का? वारीच्या, तीर्थाच्या निमित्ताने बाई घराबाहेर पडू शकत होती आणि कोणी काही विचारत नव्हतं. तिथल्या चंद्रभागेने अर्भकंही पाहिली होती.

शंभर वर्षांनी, १९७५ च्या सुमारास, विधवेच्या जागी ‘कुमारी माता’ आली. रीत तीच राहिली. पोट दिसायला लागलं की मुलीला मावशीकडे पाठवलं असं सांगायचं, आश्रमात ठेवायचं, बाळंत करायचं, दीड-दोन महिन्यांनी परत आणायचं आणि वर्षाच्या आत लग्न लावून टाकायचं. नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही, पुढे झालेल्या मुलांना तर नाहीच. आश्रमाने तिला तोंडी शब्द दिलेला असे, कोणाला कळणार नाही. तो शब्द देणारी बाई आज हयात नसेल. जिला दिला ती असण्याची शक्यता बरीच आहे.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत आला. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा बाजार चालल्याचं कळवलं. न्यायालयाने पत्रच याचिका मानलं. न्यायमूर्ती भगवतींचा १९८४ चा निकाल हा भारतातल्या परदेशी दत्तकाचा पाया समजला जातो. मूल आधी देशातच द्यायचा प्रयत्न करा, नोंदणीकृत संस्थेमार्फतच द्या, तटस्थ संस्थेकडून कागद तपासून घ्या, ही शिस्त त्याने घातली. मुंबईत हे तपासणीचं काम इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअरसारख्या संस्थांकडे आलं. याच निकालात मुळांच्या शोधाचाही ओझरता उल्लेख आहे. मूल जाणतं झालं आणि त्याला जन्मदात्यांविषयी कळावंसं वाटलं, तर सांगायला फारशी हरकत नसावी. मात्र सांगायचं की नाही हे न्यायालयाने दत्तक आईबापांच्या मर्जीवर सोडलं. त्यात मुलाचा हक्क नव्हता, थोरांची कृपा होती.

कृपेचा हक्क व्हायला वेळ लागला. १९९० मध्ये ‘कारा’ ही दत्तकाची केंद्रीय यंत्रणा आली. १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहिता स्वीकारली, तिच्या सातव्या कलमात शक्य तितपत आईबाप कोण हे कळण्याचा मुलाचा हक्क आहे. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. मुलाच्या उगमाची माहिती जपून ठेवा आणि कायद्यात बसेल तशी, मार्गदर्शनाखाली त्याला दाखवा, असं तो करार सांगतो. आणि आज लागू असलेल्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत रूट सर्चला स्वतंत्र जागा आहे. अठरा पूर्ण झालेल्याने स्वतः काराकडे ऑनलाइन अर्ज करायचा, त्याहून लहान असेल तर दत्तक आईबापांसोबत. आईने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवा असं सांगितलं असेल, तर आधी तिची लेखी संमती हवी. तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही, तर मूल कुठल्या परिस्थितीत आणि का सोडलं तेवढं अर्जदाराला सांगायचं. मुलाच्या हक्काने आईच्या खासगीपणावर गदा येता कामा नये, हेही त्यात स्पष्ट आहे.

कागदावर हे शहाणपणाचं आहे. मेख आहे ती आणखी एका अटीत. तिऱ्हाईताला हा शोध करता येणार नाही. हेतू समजतो. भाड्याचा डिटेक्टिव्ह गावात जाऊन पारावर फोटो दाखवत फिरला, तर त्या बाईचं काय होईल ते सांगायला नको. पण ज्याला भाषा येत नाही, ज्याची रजा तीन आठवड्यांची आहे, त्याने तालुक्याच्या गावी जाऊन नोंदवह्या कशा धुंडाळायच्या? तिऱ्हाईत नको म्हणायचं आणि शोधायला स्वतःचं माणूसही द्यायचं नाही, याला नकारच म्हणतात. तो फक्त सभ्य भाषेत लिहिलेला आहे. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेला अरुण डोहले आपल्याच फायलीसाठी कित्येक वर्षं इथल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. शेवटी त्याला आई भेटली, आणि तो परदेशी दत्तकाचा कडवा विरोधक झाला. त्याची सगळी मतं मला पटत नाहीत. पण एका माणसाला स्वतःच्या जन्माचा कागद बघायला इतकी कोर्टबाजी करावी लागली, त्यावर उत्तरही माझ्याकडे नाही.

समजा, फाइल मिळाली. त्यात काय असतं? मूल रीतसर सोपवलेलं असेल, तर आईची सही किंवा अंगठा, वय, गाव, क्वचित एखादी ओळ कारणाची. मूल टाकलेलं मिळालं असेल, तर पोलिसांचा पंचनामा, रिमांड होमचा शेरा, १९४८ च्या मुंबई बाल कायद्याखालचा हुकूम. जागा ठरलेल्या: एसटी स्टँड, देवळाची पायरी, सरकारी दवाखान्याचा वॉर्ड. आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या हाती घरी असतं ते याहूनही कमी. पासपोर्टवरचा फोटो, कोर्टाच्या हुकमाची प्रत आणि इंग्रजीत टाइप केलेला अर्ध्या पानाचा ‘चाइल्ड स्टडी रिपोर्ट’. या अर्ध्या पानांत इतकं साम्य असतं की ती एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटावीत: आई अविवाहित, वडील माहीत नाहीत, बाळ हसरं.

म्हणून जाणते लोक एका फायलीवर थांबत नाहीत. एका मुलाचा माग किमान पाच-सहा ठिकाणी उमटलेला असतो. प्रसूती झालेल्या रुग्णालयाचं रजिस्टर, नगरपालिकेची जन्मनोंद, आश्रमाची आवक-जावक वही, पोलीस ठाणं, पालकत्वाचा अर्ज ज्या कोर्टात गेला तिथलं दप्तर, तपासणी करणाऱ्या संस्थेची प्रत, आणि तिकडच्या देशातल्या एजन्सीकडचा पत्रव्यवहार. इथली फाइल वाळवीने खाल्ली असेल तर तिची कार्बन कॉपी ब्रुसेल्स किंवा स्टॉकहोममध्ये धडधाकट असू शकते. उलटही होतं. तिकडे ‘अज्ञात’ लिहिलेलं असतं आणि इथल्या दवाखान्याच्या वहीत सरळ नाव असतं.

नाव मिळालं तरी आई मिळत नाही, आणि इथे महाराष्ट्राच्या काही खास अडचणी आहेत. पहिली अशी की बाईने नाव खोटं सांगितलेलं असणं हा अपवाद मानू नये. ती लपण्यासाठीच आलेली होती. गाव खोटं, पण तालुका खरा, असंही असतं, कारण खोटं बोलतानाही माणूस आपल्या मुलुखाच्या फार लांब जात नाही. दुसरी अडचण आपल्या लग्नविधीची. बाईचं आडनाव बदलतं हे परदेशी माणसाला कळतं. पण तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून तिचं पाळण्यातलं नावही पुसून टाकतात, हे समजावून सांगताना दुभाष्याची धांदल उडते. फायलीतली शकुंतला गेली पन्नास वर्षं मंगल म्हणून नांदत असते, आणि शकुंतला कोण हे तिच्या शेजारणीलाही माहीत नसतं. मधलं नाव वडिलांचं होतं, ते नवऱ्याचं झालं. म्हणून शोध नेहमी भावापासून सुरू करावा लागतो. त्याचं नाव, आडनाव आणि गाव बदलत नाही. आणि नेमका भाऊच हे दार कायमचं बंद करणारा असतो.

तिसरी अडचण भूगोलाची. १९७६ च्या कागदावर ‘जि. रत्नागिरी’ असेल, तर ते गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. ‘जि. उस्मानाबाद’ म्हणजे १९८२ नंतरचं लातूर असेल किंवा आताचं धाराशिव. जालना १९८१ मध्ये झाला, गडचिरोली १९८२ मध्ये. बुद्रुक आणि खुर्द यांतला शेवटचा शब्द टाइप करणाऱ्याने गाळला की दोन गावं समोर येतात, आणि ‘वडगाव’ एवढंच लिहिलं असेल तर हात टेकायचे. काही गावं जागेवरच नाहीत. उजनी, कोयना, जायकवाडीच्या पाण्याखाली किती गेली! किल्लारीच्या बाजूची १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवली गेली. जर्मनीत बसून गूगलच्या नकाशावर गाव शोधणाऱ्याला हे कोण सांगणार? एखादा निवृत्त तलाठी हे काम कुठल्याही वकिलापेक्षा चांगलं करील, असं मला मनापासून वाटतं.

डीएनएचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा गाजावाजा कामापेक्षा जास्त आहे. लाळेची नळी अमेरिकेतल्या कंपनीला पाठवायची, तिच्या साठ्यात आपल्याशी जुळणारं कोणी आहे का बघायचं. आईशी निम्मं जुळतं, सख्ख्या चुलत-मावस भावंडाशी साधारण आठवा हिस्सा, चुलत-चुलत भावंडांशी तीन टक्क्यांच्या आसपास. युरोपीय वंशाच्या माणसांचे हरवलेले बाप यातून भराभर सापडले. पण मोहोळ तालुक्यातली म्हातारी कशाला लाळ पाठवील? या साठ्यांत भारतीय कमी, आणि आहेत ते बहुतेक परदेशात स्थायिक झालेले. त्यात आपल्याकडे जातीत लग्नं, कुठे कुठे मामाच्या मुलीशी लग्न. त्यामुळे दूरचे नातलगही जवळचे भासतात. तरी नळी पाठवून ठेवावी, एखादा भाचा टेक्सासला नोकरीला गेलेला असतो.

एका गोष्टीने या शोधाची जगभर जाहिरात केली. खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा पोरगा १९८६ मध्ये बुऱ्हाणपूर स्टेशनवर थोरल्या भावाची वाट पाहता पाहता रिकाम्या गाडीत झोपला आणि कलकत्त्यात उतरला. भुसावळहून फार लांब नसलेलं हे बुऱ्हाणपूर. त्याला ना आडनाव सांगता येत होतं, ना गाव. पुढच्या वर्षी टास्मानियातल्या ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. मोठेपणी त्याने आठवणीतली पाण्याची टाकी आणि ‘ब’पासून सुरू होणारं स्टेशन यांच्या बळावर उपग्रहाच्या नकाशात रेल्वेच्या रुळांवरून बोट फिरवत खंडवा गाठलं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये आईसमोर जाऊन उभा राहिला. हा मुलगा म्हणजे सरू ब्रायर्ली. त्याने लिहिलेल्या पुस्तकावर २०१६ मध्ये ‘लायन’ हा चित्रपट आला.

चित्रपट चांगला आहे, माझेही डोळे भरून आले. पण त्याने लाखोंची समजूत करून दिली की जिद्द आणि इंटरनेट असलं की आई सापडते. सरूला पाच वर्षांच्या आठवणी होत्या, वीस दिवसांच्या बाळाला काय असणार? आणि त्याहून मोठा फरक असा की सरू हरवला होता, कोणी सोडलेला नव्हता. त्याची आई लेक परत येईल या आशेने त्याच वस्तीत राहिली होती. आश्रमात मूल ठेवून गेलेली बाई वाट पाहते आहे की ती हाक ऐकू येईल म्हणून घाबरते आहे, हे आपल्याला माहीत नसतं. बहुतेक वेळा ती दोन्ही करत असावी.

इथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो, आणि इथेच मराठीत सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने सत्तरच्या दशकात माणूस मेलेला नाही पण जवळही नाही, अशा दुःखाला नाव दिलं. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांवरून तिला ते सुचलं. मूल सोपवलेल्या आईला ते तंतोतंत लागू पडतं. तिला सुतक नाही, तेरावं नाही, रडायला निमित्त नाही. मूल जिवंत आहे का, हेदेखील तिला कळवलेलं नसतं. आजच्या कायद्यात मूल सोपवल्यावर साठ दिवस फेरविचाराला मिळतात. एकसष्टाव्या दिवसापासून ती त्या मुलाच्या बाबतीत कोणीच नसते. आपल्या नियमावलीत शोध घेण्याचा अर्ज मुलाने करायचा आहे. आईला तशी वाटच ठेवलेली नाही. एखादी साठीची बाई उद्या उठून म्हणाली की माझा मुलगा मला शोधत आला तर माझी हरकत नाही, फक्त घरी चिठ्ठी पाठवू नका, या नंबरवर दुपारी फोन करा, तर तिचं हे एवढंसं म्हणणं कुठल्या वहीत लिहून घ्यायचं, ते कुणी ठरवलेलं नाही. महाभारतात तरी कुंती स्वतः चालत कर्णाकडे गेली होती. ‘मृत्युंजय’ची पारायणं करणाऱ्या महाराष्ट्राला हे सुचू नये याचं नवल वाटतं.

इतर देशांनी काय केलं? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने अठरा वर्षांच्या दत्तक मुलाला मूळ जन्मदाखला मिळू लागला, आणि १९९१ पासून तिथे एक सरकारी नोंदवही आहे, जिच्यात मूल आणि जन्माचे नातलग दोघेही आपलं नाव घालू शकतात. दोन्हीकडून नावं आली की गाठ पडते. न्यूझीलंडने १९८५ मध्ये माहिती खुली केली, पण जुन्या दत्तकांच्या बाबतीत आईला दहा-दहा वर्षांचा नकार नोंदवायची मुभा ठेवली. फ्रान्स अजूनही आईच्या बाजूने उभा आहे. तिथे बाईला नाव न सांगता बाळंत होता येतं, आणि २००३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. मात्र २००२ पासून तिथे मधली एक परिषद आहे, जी आईला गाठून विचारते, अजूनही नाही का? मला सर्वांत पटते ती जर्मनीची २०१४ ची गोपनीय प्रसूती. बाई टोपणनावाने बाळंत होते, खरं नाव बंद पाकिटात जातं, सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मूल ते पाकीट मागू शकतं, आणि आईला धोका असेल तर कोर्ट ठरवतं. यात खोटं नाव सांगायची गरजच उरत नाही, म्हणजे सगळ्या गुंत्याचं मूळच निघून जातं.

आणि काही वेळा आईने मूल दिलेलंच नसतं. चेन्नईच्या एका झोपडपट्टीतून १९९९ मध्ये रात्री झोपलेलं लहान मूल उचललं गेलं आणि नेदरलँड्समध्ये दत्तक म्हणून पोचलं. पोलीस तपासात माग लागल्यावर आईबाप तिकडच्या कोर्टात गेले, मुलाची डीएनए चाचणी मागितली. तोवर मूल दहा-बारा वर्षांचं झालेलं, त्याला हे नको होतं, आणि कोर्टाने त्या वेळी चाचणी नाकारली. मुलाच्या मनाचा विचार करता निकाल चूक म्हणवत नाही. त्या आईचा विचार करता बरोबरही म्हणवत नाही. आपल्या पुण्यातही एका नावाजलेल्या दत्तक संस्थेचा कारभार २००६ मध्ये वृत्तवाहिनीने चव्हाट्यावर आणला, प्रकरण उच्च न्यायालय आणि सीबीआयपर्यंत गेलं. अशी प्रकरणं झाली की प्रामाणिक संस्थाही कपाटाला दुसरं कुलूप लावतात.

भेट झालीच तर ती कशी होते? चित्रपटातल्यासारखी क्वचित. जागा घर नसते, संस्थेचं कार्यालय किंवा दुसऱ्या गावातलं देऊळ. बाई एकटी येते किंवा बहिणीला घेऊन येते. घरी सांगितलेलं असतं, दवाखान्यात चालले. दोघांच्या मधे दुभाषी, आणि पहिली पाच मिनिटं दोघंही त्याच्याकडेच बघून बोलतात. चाळीस वर्षं जुळवून ठेवलेला ‘का’ ओठांवर आलेला असतो, आणि आई विचारते, जेवलास का, लग्न झालं का. युरोपात वाढलेल्याला हे टाळणं वाटतं. ज्याला मराठी आई माहीत आहे, त्याला ते टाळणं वाटणार नाही.

त्यानंतरच्या गोष्टी जास्त कठीण. सावत्र भावाला कळलं की पाहुण्याकडे पैसा दिसतो, शेतीच्या वाटणीची शंका येते. पाहुण्याला वाटतं, आपल्याला आई हवी होती, इथे मदतीची यादी मिळाली. आईला फोटो हवा असतो, पण तो ठेवायला जागा नसते. सरू ब्रायर्लीचीही आईशी भाषा जुळत नाही, तो राहतो ऑस्ट्रेलियातच. आणि ज्यांची भेट होत नाही, आई वारली असं कळतं, त्यांतले काहीजण तिचा एखादा फोटो, तिच्या गावची माती, भावंडांपैकी कोणाचं तरी आपल्यासारखं नाक बघून शांतपणे परत जातात. आईने सरळ नकार दिला, तर मात्र तो पचवायला आयुष्य जातं. म्हणून नकारही नीट पोचवणारं माणूस लागतं, पत्रातली एक ओळ पुरत नाही.

तेच माणूस मी मागते आहे. प्रत्येक जिल्ह्यात नको, राज्यात पाच-सहा पुरेत. समाजकार्य शिकलेलं, मराठीचा गावरान बाज कळणारं, गुप्ततेची शपथ घेतलेलं, शक्यतो बाईमाणूस. तिने बचत गटाची ताई म्हणून जावं, आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने जावं, पण दारात उभं राहून कोणाचं गुपित फोडू नये. लग्न जुळवायला आपल्याकडे मध्यस्थांची कधी वानवा नव्हती. आणि एक वही, जिच्यात आईने स्वतः येऊन, फोन करून, ‘हो’ किंवा ‘नाही’ किंवा ‘अजून नाही’ असं सांगून ठेवावं. यासाठी कायदा बदलायला नको, नियमावलीत दोन परिच्छेद घातले तरी चालेल.

घाई का, तेही सांगते. परदेशी दत्तक आटत चालला आहे. २०२४-२५ मध्ये भारतात ४५१५ मुलं दत्तक गेली, त्यांतली ४१५५ देशातच. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक थांबवला, त्याच वर्षी डेन्मार्कमधली उरलेली एकमेव एजन्सी आवरायला लागली, नेदरलँड्सने टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्विस सरकारनेही तोच मनोदय जाहीर केला. हे बरं की वाईट, तो वेगळा लेख होईल. पण संस्था बंद होते तेव्हा कपाटं कुठे जातात? आपल्याकडेही कितीतरी जुने आश्रम, प्रसूतिगृहं आणि मिशनची रुग्णालयं बंद पडली, इमारती बिल्डरकडे गेल्या. १९७५ मध्ये वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीची आहे.

तेव्हा वाचकांपैकी कोणी एखाद्या जुन्या ट्रस्टवर असेल, कोणाच्या आजोबांचं प्रसूतिगृह असेल, कोणी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात कामाला असेल, तर एवढंच करा. १९६० ते २००० मधली जन्माची, बाळंतपणाची, आवक-जावकीची वही हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, आणि जिल्हा बालसंरक्षण कक्षाला ती तुमच्याकडे आहे एवढं लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका.